बाईंची हजेरी

पत्र: सप्रेम नमस्कार. मी डहाणू तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मला चौथीला ज्या बाई होत्या, त्याच पुढे या शाळेत माझ्या सहकारी झाल्या. शेजारी-शेजारी वर्ग, दुपारी एकत्र डबा. आषाढात एका रात्री हृदयविकाराने त्या गेल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

त्यांचा चौथीचा वर्ग आता माझ्याकडे आला आहे. बाई हजेरी पाड्यांनी, म्हणजे एकेका वस्तीची मुलं मिळून, घ्यायच्या. मी पत्रकातल्या क्रमाने नावं घेते तेव्हा मुलं 'हजर' म्हणतात आणि एकमेकांकडे बघतात. बाई गेल्या त्या दिवशी शाळा लवकर सोडली, तर हीच मुलं सुट्टी मिळाली म्हणून ओरडली होती. मला ते अजून विसरता येत नाही. एक मुलगी रोज विचारते, बाई खरंच येणार नाहीत का?

पाच सप्टेंबरला शाळेत बाईंच्या आठवणीचा कार्यक्रम आहे. मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही विद्यार्थिनीही आणि सहकारीही, तुम्हीच बोला. लिहायला बसले की निरोप समारंभातली ठरलेली वाक्यं येतात. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आहे. चौथीत पहिला येणाऱ्याला बाईंच्या नावाने ढाल द्यायची असं त्यांच्या मनात आहे. बाई नंबर काढत नसत. त्यांना हे कसं सांगू?

कपाटात टाचणवह्यांखाली एक लांबट वही सापडली. दिवाळीनंतर कोणतं मूल कुठल्या वीटभट्टीवर जातं, मुकादम कोण, मागे आजी-आजोबा कोण राहतं, असं सगळं त्यात आहे. ती त्यांच्या घरी द्यायची का?

आणि घरी यजमान म्हणतात, 'तुझी कोण लागत होती ती? अजून जेवताना रडतेस.' काय उत्तर देऊ? तेराव्याला गेले तेव्हा घरच्या बायकांत बसू की शाळेच्या माणसांत, हेही कळलं नाही.
— एक शिक्षिका

उत्तर: नमस्कार.

बाई पाड्यांनी हजेरी घ्यायच्या हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मी मात्र तिथेच थांबले. तुमच्याकडची गावं म्हणजे एका जागी वसलेली घरं नव्हेत, चारी बाजूंना विखुरलेले पाडे. पटावर 'क्रमांक सात गैरहजर' एवढंच कळतं. पाड्याने हाक मारली की त्या पाड्यावरची तिन्ही मुलं आली नाहीत हे एका दमात कळतं, आणि मग कारणही लगेच समोर येतं. ओढ्याला पाणी आलं असेल, कुणाकडे लग्न असेल, किंवा मुकादमाची गाडी येऊन गेली असेल. शेजारच्या पाड्यावरचं एखादं पोर ते सांगून टाकतं. बाईंनी पाच मिनिटांच्या हजेरीत गावाची खबर घ्यायची सोय करून ठेवली होती. कुठल्याही प्रशिक्षणात हे शिकवत असतील असं मला वाटत नाही.

उद्यापासून तुम्हीही तशीच घ्या. आणि पाड्यांचा क्रम मुलांनाच विचारा. कोणता पाडा आधी, कोणता नंतर, नाव कसं घ्यायचं, कुणाला आडनावाने हाक मारलेली आवडत नाही, हे त्यांना पाठ असणार. तुम्ही चुकाल, ती तुम्हाला दुरुस्त करतील. बाईंबद्दल मुलांशी बोलायचं कसं हा प्रश्न तुम्हाला पडलाय ना? ते बोलणं इथूनच सुरू होईल, त्यासाठी वेगळा तास लावायला नको.

सुट्टीच्या ओरडण्याचं मनातून काढून टाका. नऊ-दहा वर्षांची मुलं दुःख सलग करत नाहीत. घटकाभर रडतात, लगेच लंगडी खेळायला पळतात, आणि रात्री जेवताना मध्येच विचारतात की बाईंची चप्पल अजून शाळेत आहे का. मोठ्या माणसाला हे निगरगट्टपणाचं वाटतं. तसं ते नसतं. त्या दिवशी 'सुट्टी' हा शब्द त्यांच्यापर्यंत आधी पोचला आणि 'बाई गेल्या' हे नंतर पोचलं, इतकंच.

त्या मुलीला रोज तेच उत्तर द्या, त्याच शब्दांत. "नाही येणार. बाई वारल्या. त्यांचं हृदय बंद पडलं. वारलेलं माणूस परत येत नाही." ऐकायला कठोर वाटतं, पण 'देवाघरी गेल्या', 'झोपेतच गेल्या' ही आपली मवाळ वाक्यं मुलांना जास्त घाबरवतात. झोपेत माणूस जातं असं ऐकलेलं मूल रात्री आईला हलवून जागं करतं. ती रोज विचारते कारण उत्तर बदलतं का हे ती तपासते आहे. बदललं नाही की हळूहळू विचारणं थांबेल. आणखी एक गोष्ट वर्गाला न विचारता सांगून टाका, की आपल्या दंग्यामुळे, आपण गृहपाठ केला नाही म्हणून बाईंना काही झालं नाही. या वयाच्या मुलांच्या मनात असलं काहीतरी हमखास असतं आणि ती ते बोलत नाहीत. बाई कुणाला आदल्या दिवशी रागावल्या असतील तर त्या मुलाकडे जरा जास्त लक्ष द्या. ज्याच्या घरात याआधी कुणी गेलं आहे त्याच्याकडेही. एखादं मूल आठवडे झाले तरी नीट खात नसेल, शाळेत यायला बघत नसेल, तर आईबापांना भेटा.

बाईंचा वर्ग घेताना आपण त्यांच्या जागी उभ्या आहोत हे तुम्हाला टोचत असणार. पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण मुलं एकमेकांकडे बघतात हे तुम्ही ज्या तऱ्हेने लिहिलंत त्यावरून कळलं. याचं उत्तर तुमच्याच तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर आहे. ताराबाई मोडक गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून बालशिक्षण शिकल्या. गिजुभाई १९३९ साली गेले. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा गिजुभाईंचं सगळं त्यांच्या हाताशी होतं, पण तसंच्या तसं तिथे चालण्यासारखं नव्हतं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे कुठून आणणार? मग शिंपले, बिया, माती, गावात मिळेल ते साधन झालं. काम पुढे कोसबाडला गेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात तेव्हा शाळाच कुरणात नेली, त्या कुरणशाळा. बोर्डीपासून अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९७३ साली ताराबाई गेल्या. अनुताई त्यानंतर १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतः जाईपर्यंत, ते काम करत राहिल्या. अठ्ठावीस वर्षं जिच्याबरोबर काम केलं ती बाई गेल्यावर दुसऱ्या दिवशी बालवाडीत जाणं अनुताईंना सोपं गेलं असेल का? पण ही माळ बघा: गिजुभाई, ताराबाई, अनुताई. यातल्या कुणी आधीच्या माणसाची नक्कल केली नाही. प्रत्येकाने हाती आलेलं घेतलं, मुलं बघितली आणि त्यात हवा तो बदल केला. तुम्हीही बाईंची हजेरी घ्या. गणित तुमच्या पद्धतीनेच शिकवा. बाईंच्या शेजारच्या वर्गात एवढी वर्षं काढलीत ती काही त्यांची दुय्यम प्रत बनायला नव्हे.

आता भाषण. मी पुष्कळ शोकसभांना बसले आहे आणि बहुतेक भाषणं एकाच साच्यातली निघाली. 'ज्ञानदानाचं व्रत', 'ऋषितुल्य', 'कधीही भरून न निघणारी पोकळी'. ही विशेषणं आपण आमदारांच्या स्वीय सहायकाच्या आजोबांनाही लावतो. बाईंसाठी ती वापरूच नका, असा नियम करून कागदावर बसा. मग काय उरतं? त्या काय करत, ते. चौथीत असताना तुम्हाला हातच्याची वजाबाकी कशी शिकवली? फळ्यावर लिहिताना पाठ वळली की मागे चाललेलं त्यांना कळायचं का, आणि कळल्यावर त्या काय म्हणायच्या? सहकारी झाल्यावर पहिल्या दिवशी तुम्ही त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलात की उभ्याच राहिलात? डब्यात त्या काय आणत, आणि तुमच्या डब्यातलं काय न विचारता उचलत? आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला मागच्या बाकावर बसून त्या काय पुटपुटत?

त्यांचा एखादा दोषही सांगा, म्हणजे ऐकणाऱ्याला बाकीचं खरं वाटतं. हट्टी असतील, ऑनलाइन माहिती भरायचं काम दरवेळी तुमच्या गळ्यात टाकत असतील, एखाद्या पालकाला तोडून बोलत असतील. हॉलमध्ये हसू फुटेल. फुटू द्या.

तुमची सुरुवात जवळजवळ तयार आहे: "मी चौथीत होते तेव्हा बाई हजेरी पाड्यांनी घेत. परवा मीही घेतली." पुढची दोन-तीन मिनिटं आपोआप येतील. त्याहून जास्त बोलू नका. मध्येच रडू आलं तर पाणी प्या आणि उरलेलं कागदावरून वाचा. कागद मात्र मुख्याध्यापकांना आधी दाखवू नका. ते त्यात 'ज्ञानदानाचं व्रत' घालतील.

जमलं तर मुख्याध्यापकांना एवढं पटवा, की पाहुण्यांची चार भाषणं कमी करून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना प्रत्येकी एकच गोष्ट सांगायला लावावी. आठवण लांबली की माणूस स्वतःबद्दल बोलायला लागतो, म्हणून एकच. हे सगळं मुलांकडून लिहून घेऊन एक हस्तलिखितही करता येईल. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. रोजचं! आपल्याला वर्षातून एकदा वीस पानं जमायला हरकत नाही. छापील स्मरणिकेच्या वाटेला जाऊ नका. तिचा निम्मा जीव जाहिराती गोळा करण्यात जातो आणि पहिल्या सहा पानांवर शुभेच्छुकांचे फोटो येतात. (फ्लेक्सचंही तेच. त्यावर बाईंचा फोटो तिकिटाएवढा आणि पुढाऱ्यांचे पोस्टराएवढे येणार असतील तर नाही म्हणायला संकोचू नका.)

ढालीबद्दल बैठकीत बोलू नका. चारचौघांत कल्पना खोडली की माणूस ती धरूनच बसतो. पुढाकार घेणारा जो माजी विद्यार्थी असेल त्याला एकट्याला गाठा, चहा पाजा आणि विचारा, "तुझा चौथीत कितवा नंबर होता रे?" त्याला सांगता येणार नाही, कारण बाईंनी काढलाच नव्हता. पुढचं फारसं समजवावं लागणार नाही. मुलांनी पैसे जमवलेत त्यामागे माया आहे, तिचा आधी मान ठेवा आणि मगच दुसरा मार्ग पुढे करा.

दुसरा मार्ग बाईंच्या वहीतच आहे. दिवाळी झाली की तुमच्या शाळेचा पट पातळ होतो. उचल घेतलेली कुटुंबं भट्टीवर जातात, धाकट्या भावंडाला सांभाळायला म्हणून नऊ वर्षांची बहीणही जाते, आणि परत येते ती थेट पावसाच्या तोंडावर. मागे राहू शकणाऱ्या मुलाचं सगळं एका म्हाताऱ्या आजीवर असतं. त्या मुलाची संध्याकाळची भाकरी, अंथरूण-पांघरूण, आजी आजारी पडली तर दोन दिवस कुणाकडे राहायचं, याला पैसे लागतात आणि ते फार लागत नाहीत. ढालीच्या वर्गणीत दोन-तीन मुलांचा हंगाम निघेल. सरकारचीही हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तुमच्या केंद्रात यंदा ती आहे का हे केंद्रप्रमुखांना आत्ताच विचारा, दिवाळीत विचारून उपयोग नाही.

पैसे मात्र तुमच्या किंवा त्या माजी विद्यार्थ्याच्या खात्यावर ठेवू नका. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा, पैसे कशासाठी आहेत ते इतिवृत्तात लिहा आणि खर्च दर वर्षी पालकांसमोर वाचा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. मुख्याध्यापक बदलून जातील, उद्या तुमचीही बदली होईल. पालक तिथेच राहणार आहेत.

राहिलं तुमच्या यजमानांचं. 'तुझी कोण लागत होती?' नात्यांच्या यादीत बाईंना जागा नाही हे खरंच आहे. सोयर नाही, सुतक नाही, रजेच्या अर्जात लिहायला कारण नाही. म्हणून तर हे दुःख अवघड जातं. ते करायची रीतच कुणी घालून दिलेली नाही. तुम्ही तर दोन माणसं गमावलीत. तुम्ही नऊ वर्षांच्या असताना कशा होतात हे ज्यांना आठवत होतं त्या बाई गेल्या, आणि रोज दुपारी ज्यांच्याशी मुख्याध्यापकांबद्दल मनमोकळं बोलता येत होतं ती मैत्रीणही गेली. घरच्यांना वाटतं तुम्ही एका म्हाताऱ्या शिक्षिकेसाठी रडताय. यजमानांशी वाद घालू नका. एखाद्या संध्याकाळी त्यांना त्यांच्या शाळेतल्या एखाद्या गुरुजींबद्दल विचारा आणि गप्प बसून ऐका. 'अजून रडतेस' हे त्या घरात बहुधा परत ऐकू येणार नाही. आलंच, तर सरळ सांगा, "ती माझी बाई होती." याच्यापुढे स्पष्टीकरण द्यायची गरज नाही.

दीड-दोन महिने हा काही मोठा काळ नाही. रडू येतंय, येऊ दे. पण झोप उडाली, वर्गात जावंसंच वाटेनासं झालं, कशातच अर्थ नाही असं दिवसेंदिवस वाटत राहिलं, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. आणि तेराव्याला कुठे बसायचं होतं? बाईंबद्दल जिथे बोलणं चाललं होतं तिथे. तो दिवस गेला, पण त्यांच्या घरी पुन्हा जा. आता गर्दी ओसरली असेल, आणि घर खायला उठतं ते अशाच वेळी. कुटुंब निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, गटविमा यांचे कागद शाळेतून पंचायत समितीत जातात. बाईंच्या यजमानांना त्या फेऱ्या एकट्याने मारायला लावू नका. एक फाइल तुम्ही हातात घ्या. मलमपट्टीच्या चार शब्दांपेक्षा त्याची त्यांना जास्त गरज आहे.

जाताना कपाटातल्या वस्तू न्या. चष्म्याचं घर, शाल, पेन, फोटो, जे बाईंचं स्वतःचं ते सगळं, यादी करून. हजेरीपत्रकं, निकालपत्रकं शाळेची, ती जागची हलवू नका. मुलांकडून जप्त केलेले भोवरे-गोट्या निघाल्या तर त्या मुलांना परत करा.

वहीचं मात्र घरच्यांना विचारा. ती त्यांचीच आहे, पण त्यांच्याकडे राहून ती कुणाच्या उपयोगाची नाही. मूळ वही त्यांना हवी असेल तर तुम्ही हाताने उतरवून घ्या. मोबाइलवर फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकू नका. त्यात कुणी किती उचल घेतली, कोण कुणाकडे अडकलंय हे असणार, आणि ते बाईंना विश्वासाने सांगितलेलं आहे. उतरवलेली प्रत कुलपात ठेवा.

मग गणपती उरकले की ती प्रत घेऊन एकेका पाड्यावर जायला लागा. गेल्या वर्षीची माहिती यंदा बदललेली असेल. कुणाचा मुकादम बदलला, कुणाची आजी राहिली नाही. प्रत्येक नावापुढे यंदाचं लिहा. जाणार हे नक्की असलेल्या मुलांची शिक्षण हमी पत्रकं (ती दाखवून मूल तिकडच्या शाळेत बसू शकतं) मुख्याध्यापकांकडून आधीच भरून घ्या आणि आईच्या हातात द्या, बापाच्या नको, प्रवासात हरवतात. भट्टीजवळच्या शाळेला दाखला नाही म्हणून मुलाला दारातून परत पाठवता येत नाही, हेही आईला नीट समजावून सांगा, कारण तिथे भांडायला ती एकटीच असेल. बाईंच्या वहीत भट्टीजवळच्या एखाद्या शाळेतल्या शिक्षकाचा फोन नंबर सापडला तर त्यांना आधी फोन करा. बाई गेल्याचं त्यांना बहुतेक कुणी कळवलेलं नसेल.